पंचा मागे

बायकोच्या शेवटच्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून कपडे वाळत घातले. मी माझा पंचा दोरीवर सगळ्यांत पुढे टाकला. ती म्हणाली, "आख्ख्या दोरीला नाय म्हनता काय?" मी तो काढून मागे लावला. संध्याकाळी चहा पिताना ती भिंतीला टेकली, ती टेकलीच, परत उठली नाही.

बोलण्यात कुणाला हार जायची नाही, म्हणून गावात तिला वकिलीण म्हणत. मासळी घेऊन माझी होडी मुरब्याच्या खाडीत शिरली की मी आधी आमच्या दारची दोरी बघायचो. तेव्हा होडीवर फोन कुठला? तिचं लाल लुगडं पुढे, माझा सदरा मागे, म्हणजे सरळ घरी या, भाव बरा आहे. सदरा पुढे आणि लुगडं मागे, म्हणजे मासळी पलीकडे सातपाटीला न्या. आणि पंचा सगळ्यांच्या पुढे असला की मागचं सगळं नाय. येऊ नका, थांबा. तोच पंचा शेवटी असला तर नुसता पंचा, वाळतोय बिचारा.

बंदरावरच्या दलालाला हे कळलं. बायकोने भाव ठरवायचा हे त्याला सोसेना. एकदा ती बाजाराला गेलेली बघून, मासळी पडेल भावात आपल्याकडे यावी म्हणून त्याने आमच्याच दोरीवर माणूस लावून कपडे टांगले. लुगडं, पंचा, सदरा. मी खाडीतून बघून हसलो. कपडे आमचेच, पण पंचा मधे, असं ती कधी बोलायचीच नाही. सरळ सातपाटी गाठली. दलाल दारात येऊन तणतणला, तेव्हा तिने त्याला बसायला पाटसुद्धा दिला नाही. म्हणाली, "शेट, कपडे माजे टांगलेस. बोलनं कुटून आननार?"

पुढे आमची धाकटी मुलगी बोईसरला कॉम्प्युटर शिकायला जायला लागली. तिथेही तेच म्हणे. शब्द सगळे बरोबर, पण एक जागेवर नसला की मशीन अडून बसतं, सिंटॅक्स चुकली म्हणून सांगतं. हिने कोलंबी सोलता सोलता ऐकलं. "मग ती मशीन मुरब्याचीच हाय," म्हणाली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनीने कपडे धुऊन दोरीवर घातले. लाल लुगडं मात्र खाडीत सोडायला गाठोड्यात बांधलं होतं. मी गाठ सोडली.

"भावजी, गेलेल्या बायचं लुगडं कोन टांगते काय?"

"मी टांगतो," म्हटलं.

लुगडं पुढे घातलं, त्याच्यामागे सदरा. वहिनीने माझा पंचा नेमका पहिल्या टोकाला टाकला होता. तो काढला आणि शेवटी लावला.