पाळकमामांची लाज

माझं नाव घेण्याआधी पाळकमामा क्षणभर थांबत. रस्त्यात भेटोत की देवळाच्या पायरीवर, 'करुणा' हा शब्द तोंडातून बाहेर पडण्यापूर्वी त्यांची नजर खाली जाई आणि कान लाल होत. दारातून वाकूनच आत यावं लागेल एवढा उंच माणूस, केस पिकू लागलेले, अंगात गळाबंद पांढरा कोट, आणि एका परकरातल्या पोरीसमोर असा ओशाळलेला. नवख्या माणसाला त्याची गंमत वाटे. आष्ट्यातल्या आमच्या मंडळीत ती कोणालाच वाटत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

मंडळी म्हणजे मिशनच्या शाळेभोवती राहणारी आमची ख्रिस्ती घरं. त्यांचे हे पाळक, म्हणजे धर्मगुरू. बायका त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हा मुलांचे ते मामा. लढाईचे दिवस होते. माझे वडील पलटणीत, आधी मिसरला आणि मग ब्रह्मदेशाच्या बाजूला. घरी आई, मी आणि माझी धाकटी बहीण कृपा. आई शाळेच्या बोर्डिंगात भाकरी भाजायला जाई.

पाळकमामा तरुणपणी फार हौशी होते म्हणे. कडेगावच्या बाजूला कामाला लागले तेव्हा बाजारात उभे राहून टाळ वाजवत गात आणि पोरं मागून धावत. मी पाहिलेले पाळकमामा तसे नव्हते. माझ्या आठवणीतल्या उपासनेत ते प्रार्थना करता करता खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत. त्यांचा उपदेश पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना पाठ झाला होता. मामांच्या आधी त्यांचे ओठ हलत. ठरलेल्या वारी ते ठरलेल्या घरी जात, ठरलेला प्रश्न विचारत, उत्तर येण्याआधी डोळे मिटून प्रार्थना सुरू करत. आई एकदा त्यांना म्हणाली होती, "दादा, जरा बसा की, च्या टाकते." ते म्हणाले, "नको सोनाबाई. अजून चार घरं उरकायचीत." उरकायचीत, हाच शब्द. आईला तो लागला होता, पण पाळकांना काय बोलायचं म्हणून ती गप्प राहिली.

त्या वर्षी थंडीत कृपाला घटसर्प झाला. बैलगाडीतून सांगलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिचा श्वास घशात अडकत होता. परत आणलं ते आईच्या मांडीवर, पांघरुणात गुंडाळून. ती चार वर्षांची होती. लाकूड मिळत नव्हतं, म्हणून शाळेतल्या मोठ्या खोक्याच्या फळ्या काढून शेजाऱ्यांनी लहानशी पेटी केली.

दफनभूमीत सगळी मंडळी जमली होती. पाळकमामांनी टोपी काढली आणि प्रार्थना सुरू केली. नेहमीचीच ती, चढउतार नसलेली, एका सुरातली. "हे दयाळू पित्या, आमची लहान बहीण करुणा हिला तू या जगाच्या दुःखातून सोडवलंस..."

मी डोळे उघडले. आजूबाजूच्या बायकांनीही उघडले. पाळकमामांचे मात्र मिटलेलेच होते आणि ते पुढे म्हणतच होते. करुणेचा आत्मा, करुणेची आई, करुणेचा परदेशी गेलेला बाप. कोणीतरी खाकरलं. तरी त्यांना कळलं नाही.

"थांबा," आई म्हणाली.

ते थांबले.

"करुणा हितं हाय. माझा पदर धरून उभी हाय. पेटीत कृपा हाय."

आई ओरडली नाही. चूल पेटली का विचारावं तशा आवाजात ती बोलली. पाळकमामांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघींचाही बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. त्यांच्या हातातली टोपी मातीत पडली. कसेबसे दोन शब्द बोलून त्यांनी प्रार्थना संपवली. मूठभर माती टाकायला ते पुढे झाले, पण हात उघडेचना. शेवटी शेजारच्या माणसांनी माती लोटली.

त्यानंतरचे दिवस मला लाजेचेच आठवतात. मी काहीच केलं नव्हतं, तरी मलाच लाज वाटे. पाणवठ्यावर बायका माझ्याकडे बघून एकदम गप्प होत. एक म्हातारी आईला म्हणाली, "सोने, पाळकाच्या तोंडनं नाव गेलंय. पोरीला जप." तेव्हापासून मी नुसती शिंकले तरी आईचा हात माझ्या कपाळावर येई. शाळेत एक मुलगी मला म्हणाली, "तुझी तर प्रार्थना झाली की गं." ती हसली नाही, भीतभीत म्हणाली, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. जेवायला बसलं की वाटे, आपण कृपाच्या वाटची भाकरी खातोय. कुठंतरी गफलत झाली आणि आपण चुकून मागं राहिलो.

आईने देवळात जाणं सोडलं. आम्ही प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतो. रविवारी घंटा वाजली की ती हटकून भांडी घासायला काढी.

एके दुपारी पाळकमामा आले. आईने त्यांना बसा म्हटलं नाही. ते उंबऱ्यावरच बसले, गुडघे छातीशी घेऊन.

"सोनाबाई, मी झोपलो होतो," ते म्हणाले. "उभ्याउभ्या. त्या दिवशीच नाही, गेली कितीतरी वर्षं. तोंड प्रार्थना करतं आणि मी तिथं नसतो. रोज तेच शब्द, तीच माणसं, तेच दुःख. कंटाळा आला होता मला. देवाचाही आला होता, खोटं कशाला बोलू?"

"मग सोडा की," आई म्हणाली. "कंटाळा आल्यावर आमी भाकरी थापायचं सोडलं तर पोरं उपाशी ऱ्हातील. तुमचं काय आडतंय? सोडा."

"तसं मिशनच्या साहेबांना सांगून आलोय. पण त्याआधी तुमच्याकडे यायचं होतं."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "माझी लेक कशी हुती, ठाव हाय तुमास्नी?"

पाळकमामांनी मान हलवली. त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग ऐका," आई म्हणाली आणि सांगू लागली. कृपाला र म्हणता येत नसे. ती कोंबडीला मावशी म्हणे. बापाचं तोंड तिने पाहिलं होतं, पण तिला आठवत नव्हतं, म्हणून खाकी कपड्यातला कोणीही दिसला की ती त्याला सलाम करी. उन्हं कलेपर्यंत आई बोलत होती. कृपा गेल्यापासून ती एवढं बोललीच नव्हती. पाळकमामा मध्ये एक शब्दही बोलले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. त्यांच्या दाढीतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"आता चला," आई उठली. "परत करा."

"काय?"

"माझ्या कृपाची प्रार्थना. परत करा. नीट."

आम्ही तिघंच गेलो. माती अजून बसली नव्हती. पाळकमामा गुडघ्यावर बसले. पाठ केलेलं त्यांनी काही म्हटलं नाही. अडखळत, थांबत, शब्द शोधत ते देवाशी बोलले. कोंबडीला मावशी म्हणणारी, सलाम करणारी कृपा त्यांनी देवाच्या हाती दिली. मग म्हणाले, "आणि हिची बहीण करुणा इथं आहे. ती जिवंत आहे, याबद्दल मी तुझे आभार मानतो." तेव्हा मी रडले. तोवर मला रडूच आलं नव्हतं.

पाळकमामांनी काम सोडलं नाही. मिशनच्या साहेबांनी सोडू दिलं नाही, की त्यांनीच शब्द मागे घेतला, मला माहीत नाही. पण ते बदलले. पाठ असलेला उपदेश त्यांनी टाकला. खरं सांगायचं तर सुरुवातीचे त्यांचे नवे उपदेश फार वाईट होत. मध्येच विसरत आणि नुसते उभे राहत. म्हातारी माणसं कुरकुरत, "आदीचं बरं हुतं की." मामा हात जोडून म्हणत, "बरं होतं, पण ते माझं नव्हतं."

कोणाच्याही घरात शिरण्याआधी दारात थबकायची सवय त्यांना लागली. मी एकदा विचारलं, "मामा, दारात काय करता?" नेहमीसारखे ओशाळून ते म्हणाले, "आत कोण आहे, ते देवाला विचारून घेतो. मला वाटतं मला माहीत आहे. पण मला काही माहीत नसतं."

मंडळीत ताईबाई म्हणून एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती. दर बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, मामा तिच्याकडे जात आणि दर बेस्तरवारी ती सुनेच्या त्याच त्या तक्रारी सांगे. एका गुरुवारी मामा आमच्या दारात आले. "सोनाबाई, आज मला फार कंटाळा आलाय. लपवत नाही. पोरीला बरोबर पाठवता?" आईने मला पाठवलं. ताईबाईने तक्रारी सुरू केल्या. मामांनी त्या सगळ्या ऐकल्या आणि मग विचारलं, "ताईबाई, लहानपणी तुम्ही काय खेळायच्या?"

म्हातारी गोंधळली. "मी? झिम्मा खेळायची की. लय चपळ हुते मी."

"कसा?" म्हणत मामांनी दोन्ही हात पुढे केले. मग अंथरुणातली ती म्हातारी आणि तो ताडमाड माणूस टाळ्या देऊ लागले. मामांची टाळी दर वेळी चुके. ताईबाई त्यांच्या हातावर चापट मारून म्हणे, "आवं आसं न्हवं, दादा!" सून चुलीपासून उठून दारात आली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. सासूने तिला पाहिलं. "ये गं, ह्यास्नी शिकीव," ती म्हणाली. त्या घरात त्या दोघी एकत्र हसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

परतताना मामा वाटेने गात होते. मध्येच थांबून म्हणाले, "मी रोज सकाळी देवाला सांगतो, कालचा उत्साह संपला, आजचा दे. उद्याचा तो कधीच देत नाही. म्हणून रोज जावं लागतं."

लोक आता त्यांना आनंदी माणूस म्हणू लागले. दुसऱ्या गावांहून त्यांना बोलावणी येत. पण त्या आनंदाच्या तळाशी काय आहे, ते मला दिसे. थोडी मोठी झाल्यावर मी धीर करून म्हटलं, "मामा, माझं नाव घेताना थांबत जाऊ नका. मलाच लाज वाटते."

ते कळवळले. "तुझी कसली लाज, पोरी? ती माझी आहे. माझ्याकडेच राहू दे. तीच मला हलवून उठवते."

लढाई संपल्यावर वडील परत आले. ते येणार त्या दिवशी मोटार थांबते तिथे पाळकमामा आमच्याही आधी जाऊन उभे होते. वडिलांनी पिशवी खाली ठेवली, मला जवळ घेतलं, आणि मामा पुढे झाले. "दुसऱ्या कोणी सांगायच्या आत मीच सांगतो," म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. भर रस्त्यात, हमालांदेखत, काहीही न वगळता.

मला वाटलं, वडील हात उगारतील. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. मग फार हळू म्हणाले, "नाव चुकलं, पर तुमी हुता तरी तितं. मी कुटं हुतो?"

दोन्ही पुरुष खाली माना घालून उभे होते. शेवटी आईच म्हणाली, "चला घरला. भाकरी निवत्यात."

पुढे दोन-तीन वर्षांनी पाळकमामांची बदली वडूजला झाली. तिकडचा भाग कोरडा, घरं लांब लांब, पायपीट फार. आणि मामा आता थकले होते. निरोपाच्या दिवशी सगळी मंडळी मोटारीपाशी जमली. सगळ्यांचे हार घेऊन झाल्यावर मामा आईसमोर आले.

"सोनाबाई, एक विचारायचं राहिलंय. मला माफ केलंत का?"

आईने भाकरीचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. लोक ऐकत होते. तिने खोटं बोलावं असं मला फार वाटलं.

"दादा, एकदाच करून टाकायला ते मला जमत न्हाई," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं जमतं. एखाद्या दिवशी जमत बी न्हाई."

मामांनी मान डोलावली. "मग मी वडूजहून रोज मागत जाईन."

"मागा. मी हितनं देत जाईन. जमंल तसं."

मोटार गेली. पाळकमामा आम्हाला पुन्हा दिसले नाहीत. तिकडेच ते वारले. बातमी आली तेव्हा आई परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

ते गेल्यावर पुष्कळ वर्षं मी बघत असे. सकाळी चूल पेटवण्याआधी आई हातात काडी धरून जराशी थांबे. तिचे ओठ हलत. काही सकाळी ते हलत नसत आणि ती तशीच काडी ओढून कामाला लागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबे. तिला त्याबद्दल विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.