थोरलीची वेगळी परात

आमच्या चर्चमध्ये एका रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावरून पाव नाहीसा झाला, आणि दुपारच्या आत सगळ्या वस्तीला चोर ठाऊक झाला. बेकरीतली थोरली. कुणी म्हणे तिनं तो नाल्यात फेकला, कुणी म्हणे कोंबड्यांना घातला. घंटा वाजवणाऱ्याची बायको, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती तर छातीठोकपणे सांगायची की थोरलीनं जावेवरच्या रागानं पावात काहीतरी कालवलं होतं आणि ऐन वेळी घाबरून पुरावाच पळवला. अफवेला पाय नसतात म्हणतात. त्या दिवशी तिला चाकं होती.

आता ही थोरली कोण ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही तिच्यावर संशय घेताना बरं वाटेल.

बाजाराच्या मागच्या चढावर दोन भावांची बेकरी. भाऊ दोन, जावा दोन, भट्टी एक. थोरला भाऊ भट्टी सांभाळायचा, धाकटा दुकानात बसायचा, आणि पीठ मळायचं काम बायकांकडे. मेजावरचा, म्हणजे रविवारी चर्चमध्ये तोडून सगळ्यांना वाटतात तो पाव मात्र थोरलीचाच. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं तो मान दुसऱ्या कुणाला शिवू दिला नव्हता.

तिच्या लहानपणी चर्चच्या जुन्या पाळकांनी रविवारच्या वर्गात सांगितलं होतं, पवित्र म्हणजे देवासाठी वेगळं ठेवलेलं. बाकीची पोरं तेवढं पाठ करून खेळायला पळाली. ही एकटी ते घेऊन घरी आली. तेव्हापासून मेजावरच्या पावाची परात वेगळी, चाळणी वेगळी, झाकायचं कापड वेगळं. सगळं उंच खिळ्यांना टांगलेलं, शिडीशिवाय हात पोचणार नाही असं. शनिवारी दुपारी ती परात खाली यायची आणि पीठ मळून होईपर्यंत थोरली तोंड उघडायची नाही. एकदा भट्टीतून जळका वास यायला लागला. बाई बोलली नाही, नुसतं बोटानं दाखवत राहिली. नवऱ्याला वाटलं भिंतीवरची पाल दाखवते आहे. दोन पत्रे बिस्किटांचा कोळसा झाला.

वस्तीत तिचं नावच पडलं होतं 'वेगळी'. नवरा म्हणायचा, "मलाही एका खिळ्याला टांगून ठेव, जरा आराम मिळेल." तिला हसू यायचं नाही. खरं सांगायचं तर चेष्टा करणारे आम्ही सगळे तिचा पाव हातात आला की गप्प बसायचो. इतका हलका, इतका नीट भाजलेला. दिवसभर ती दुसऱ्यांच्या पोटासाठी राबायची. तो एक पाव तिला स्वतःचा वाटायचा. देवाचा आणि तिचा. मध्ये तिसरं कुणी नको.

आणि तिसरी आली. धाकट्या भावाची बायको.

ही धाकटी म्हणजे केसात पीठ, गालावर पीठ आणि तोंडात गाणं, तेही दीड सूर खाली. मळता मळता गिऱ्हाइकाशी गप्पा, गप्पांत मीठ टाकायचं विसरणं, मग कपाळावर हात मारून हसणं. बिघडलं की सगळ्यांना सांगत सुटायची. थोरलीचं बिघडत नसे, आणि बिघडलं तर ते भट्टीत जायचं. पण जगाचा न्याय बघा. महिनाभरात गिऱ्हाईक विचारायला लागलं, "धाकटीच्या हातचा आहे का?" थोरलीला झोंबलं ते तेव्हा. तोंडावर काही नाही. फक्त तिनं पिठाचे गोळे आपटायला सुरुवात केली. पलीकडच्या चांभाराला वाटायचं, आपल्यापेक्षा जास्त ठोकाठोक इथंच चालते.

त्यात एक दारुडा होता. सकाळी मागच्या दाराशी शिळा पाव मागायला यायचा. थोरली त्याला पाव द्यायची, नाही असं नाही. कागदात गुंडाळून, उंबऱ्याबाहेर ठेवून. धाकटी त्याला आत बोलवायची, "काका, आधी हात धुवा," म्हणून दटावायची आणि बसायला खुर्ची द्यायची. खुर्ची एकच होती. ती थोरलीची होती.

याच सुमारास नवे पाळक आले. तरुण माणूस, घरोघरी जायची हौस. बेकरीत आले, चहा घेतला, दारुड्याला खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि गेले. पुढच्या रविवारी उपदेश पवित्रपणावर. म्हणाले, पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं हे खरं. पण पाव वेगळा काढतो तो वाटायला. वेगळा काढून कपाटात ठेवला तर त्याला बुरशी येते. मग म्हणाले, आपल्यात एक बाई आहे, बेकरीत काम करते. तिच्याकडे पाहिलं की मला पवित्र या शब्दाचा अर्थ पुस्तक न उघडता कळतो.

सगळी मंडळी वळून बेकरीच्या बाकाकडे बघायला लागली. आणि थोरलीनं मान खाली घातली. नवी नवरी घालते तशी. झग्याची कॉलर सारखी केली, डोळे मिटले, ओठांवर नको नको म्हणणारं हसू. मी दोन बाकं मागे होतो, सगळं पाहिलं. एवढी वर्षं टांगून ठेवलेल्या परातीचं आज कुणीतरी चीज केलं होतं. बिचारी.

उपासना संपल्यावर पाळक दारात उभे होते. थोरलीनं हात पुढे केला. पाळकांनी तो घाईघाईनं हलवला आणि मागे उभ्या असलेल्या धाकटीचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "नाव घेतलं नाही, रागावू नका." धाकटी म्हणाली, "कुणाचं नाव?" तिला खरंच पत्ता नव्हता. उपदेशात ती झोपली होती.

हे थोरलीला जास्त लागलं. जागी राहून जे मिळालं नाही ते हिला झोपेत मिळालं.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "आपण वेगळं निघू या."

नवरा म्हणाला, "पाळक वेगळं व्हा म्हणाले, ते असं नव्हे."

"मला कळतं ते काय म्हणाले."

"बरं. भट्टी कुठून कापू? उभी की आडवी?"

भट्टी कापता येईना म्हणून बोलणं कापलं गेलं. जावा जावा उभा दावा म्हणतात. इथं दावा एकटीच मांडून बसली होती. धाकटी आपली विचारत राहायची, जाऊबाईंचं डोकं दुखतं का. डोकं नव्हतं दुखत. हेवा काही डोक्यात राहत नाही. तो घशाखाली असतो, घास गिळताना कळतो. धाकटी गायली की थोरलीला तिचे चुकलेले सूर मोजावेसे वाटायचे, आणि रात्री अंथरुणात तेच गाणं स्वतःच्या डोक्यात वाजायला लागलं की रडू यायचं. नवऱ्याला ती एकदा म्हणाली, देवालाही तीच आवडत असेल. नवरा घोरायला लागला. शहाणा माणूस.

मग थोरलीचा हात भाजला. भट्टीच्या तापलेल्या दाराला तळवा लागला आणि फोड आले. दवाखान्यात पट्टी बांधून दिली, ओलं करायचं नाही म्हणून बजावलं. आणि शनिवार उद्यावर आलेला. मेजावरचा पाव कोण करणार? दुसरं होतंच कोण.

थोरली त्या शनिवारी बेकरीत स्टुलावर बसून राहिली. परात खिळ्यावरच. धाकटीनं रोजचीच परात घेतली, रोजचंच पीठ, त्याच चाळणीनं चाळलं. आणि तोंडानं गाणं. थोरली बघत होती, आणि तिच्यापुढे एकच प्रश्न होता. उद्या हा पाव मेजावर गेला, सगळ्यांनी खाल्ला, आणि कुणालाही काही फरक वाटला नाही तर? तर मग तिच्या सगळ्या शनिवारांचं काय? ती न बोललेली दुपार, ती शिडी, ती जळालेली बिस्किटं?

पण पाव चर्चमध्ये नेऊन ठेवायचं काम तिनं सोडलं नाही. रविवारी सगळ्यांच्या आधी ती गेली. चर्च रिकामं. मेजावर पांढरं कापड. तिनं पाव ठेवला, आणि सवयीनं उलटा करून बोटांनी खालून वाजवला. चांगला भाजलेला पाव पोकळ वाजतो. हा मुका वाजला. मधून कच्चा.

थोरलीला आनंद झाला. साधासुधा नाही, पायांना गुदगुल्या व्हाव्यात असा. ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. आता पाळक तोडतील. मधून चिकट लगदा निघेल. मंडळीच्या हाताला चिकटेल, टाळूला चिकटेल. मग कळेल सगळ्यांना, वेगळी परात कशाला लागते ते.

बसल्या बसल्या तिनं ते चित्र पुढे नेलं, आणि तिथंच घोटाळा झाला. कारण पुढे काय होणार हेही तिला दिसलं. पाळक हसणार. म्हणणार, काही बिघडत नाही, देव कच्चंही गोड मानतो. धाकटी कपाळावर हात मारणार. सगळी मंडळी हसणार आणि तिला आणखी जवळ घेणार. भर प्रभुभोजनात तिला माफी मिळणार! आणि थोरलीला आजवर कुणी माफ केलं नव्हतं, कारण तिनं कधी कुणाला आपली चूक दाखवलीच नव्हती.

एवढं मात्र तिला सोसवेना. पाव तर मिळालाच, आता माफीही हिलाच? तिनं पाव उचलला, काखोटीला मारला आणि मागच्या दारानं निघाली. घंटेवाल्याच्या बायकोनं खिडकीतून पाहिलं ते एवढंच. ती मेज लावायला आत गेली तर नुसतं कापड.

बेकरीच्या मागच्या पायरीवर धाकटी चर्चला जायचे बूट घालत बसली होती. थोरलीनं पाव तिच्या मांडीवर टाकला.

"कच्चा आहे."

"मला वाटलंच," धाकटी म्हणाली. "भट्टीतून काढायचा कधी ते तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही बोलत नव्हता."

"परात का नाही घेतलीस?"

"तुमची?" धाकटी बूट हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. "जाऊबाई, मी या घरात आल्यापासून त्या परातीखालून वाकून जाते. ती पवित्र. माझा हात लागला तर तुम्ही ती फेकून द्याल असं वाटायचं."

एवढ्या वर्षांत थोरली परात वेगळी ठेवत होती ते देवासाठी, असं तिला वाटत होतं. कुणापासून ठेवते आहे हे तिला आज कुणीतरी तोंडावर सांगितलं होतं. आणि हेवा गेला का? छे. हेवा काय असा उठून जातो? पण पाय दुखत होते, पायरीवर जागा होती. ती बसली. म्हणाली, "त्या पाळकांना तू फार आवडतेस."

"त्यांना दारुडे काकाही आवडतात," धाकटी म्हणाली. "फुशारकी कसली मारू?"

चर्चची घंटा झाली. दोघीही उठल्या नाहीत. तिकडे पाळकांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातला कालचा पाव आणून मेजावर ठेवला आणि उपासना नेहमीसारखी पार पडली. मीही तो खाल्ला. कुणाला काही फरक वाटला नाही.

हे सगळं मला पुढे धाकटीनंच सांगितलं, अर्थात हसत हसत. थोरलीला विचारलं तर तिनं मला एक पाव जास्त दिला आणि दार लावून घेतलं.

थोरलीनं पाव फेकला नव्हता, कोंबड्यांना घातला नव्हता, त्यात काही कालवलंही नव्हतं. दोघी जावांनी तो मागच्या पायरीवर बसून खाल्ला. कडेकडेचा खाल्ला, मधला टाकून दिला.