एकोणऐंशीची छाती

बीडजवळच्या पालीतल्या प्रवीण ओव्हाळला आयुष्यात एकच आकडा हवा होता, एकोणऐंशी. तोही सेंटिमीटरमधला. पोलीस भरतीला उभं राहिलं की आधी छाती मोजतात. न फुगवता एकोणऐंशी भरली पाहिजे आणि श्वास भरून फुगवली की त्यावर आणखी पाच. उंचीत प्रवीण बसत होता, पळण्यात बरा होता, आणि लेखी परीक्षेची गणितं तर तो बरोबरीच्यांना समजावून सांगायचा. त्यातले दोघं आज वर्दी घालून फिरतात. याचं घोडं दरवेळी छातीपाशीच अडायचं. आता वय बत्तीस सरत आलं होतं. मागासवर्गीयांना तेहतीसपर्यंत मुभा असते, पुढं छाती दरवाजाएवढी झाली तरी सरकारला तिचं काही घेणं नाही. यंदाची भरती शेवटची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

तो मूळचाच किडकिडीत. बाप भारत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होता, तोही तसाच. बापाची पँट लेकाला व्हायची आणि लेकाची बापाला. शाळेत पोरं प्रवीणला काडीपैलवान म्हणायची. मोठा झाल्यावर तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पारावर बसलेलं कुणीतरी हमखास हाक मारून सांगायचं की याचं खाल्लेलं अंगी लागत न्हाई. मग एकजण भिजवलेले हरभरे सांगायचा, दुसरा पायांचा रस्सा, तिसरा पहाटे लोणी. फुकटचा सल्ला द्यायला आपल्याकडं कुणी हात आखडता घेत नाही. अहो, ज्याच्या अंगी लागत नाही त्याला हे चारचौघांत ऐकवल्यानं ते अंगी लागतं का? पण प्रवीणनं त्यातलं एकेक करून पाहिलं होतं, लोण्यासकट.

पहिल्या भरतीला एकविसाव्या वर्षी छाती भरली चौऱ्याहत्तर. त्यानं मनावर घेतलं. दोन वर्षं जोर मारून, बैठका काढून शहात्तरवर आणली आणि टायफॉइडनं गाठलं. कमावलेलं सगळं महिन्याभरात झडून गेलं. पुन्हा उभा राहिला, तर कावीळ. तीही सोसली. अठ्ठाविसाव्या वर्षी मात्र छातीतच पाणी झालं. बीडच्या दवाखान्यात पाठीत सुई घालून बाटलीभर पिवळं पाणी काढलं, टीबीच्या गोळ्या सहा महिने चालल्या, वजन त्रेचाळीस किलोवर आलं. शेवटी डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं की आजार गेला, पण डाव्या बाजूचा पडदा चिकटलाय, तिकडचं फुप्फुस पुरतं फुलणार नाही, जगायला काही अडचण नाही. जगायला अडचण नाही, हे तो दोनदा म्हणाला. प्रवीणला भरतीचं विचारायचं होतं, पण त्यानं कागद गोळा केले आणि उठला.

एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. याच्या डोक्यात काय होतं कोण जाणे. नेकनूरचे बबनराव फौजेतून निवृत्त होऊन आलेले. बिंदुसरा धरणाच्या खालच्या माळावर ते सकाळी सकाळी भरतीच्या पोरांचा सराव घ्यायचे, एक रुपया न घेता. त्यांनी प्रवीणला न्याहाळलं, हाताच्या दोन बोटांत त्याचं मनगट धरून बघितलं आणि पळणं निम्म्यावर आणलं. हाय ते बी वितळंल बे, म्हणाले. घरच्या मागच्या अंगणात प्रवीणनं रंगाच्या दोन डब्यांत सिमेंट ओतून त्यांत एका लोखंडी पाईपची दोन टोकं रोवली, सिमेंट वाळलं की झालं वजन. फळीवर उताणा पडून तो ते छातीवरून उचलायचा. दिवसातून सहादा खायचा. चार अंडी, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याचं कूट, केळी, पुन्हा अंडी. घशाखाली उतरत नसलं की पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचा.

आणि दर ऐतवारी माप. बुद्धविहारातून वंदना करून आलं की अंगातला सदरा काढून तो भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर ताठ उभा राहायचा आणि माय मागून टेप लावायची. केशरबाई गावातल्या बायांचे ब्लाउज शिवायची, तिच्याइतकी टेप कुणाच्या हातात बसणार? टेपचे दोन्ही पदर पाठीवर जुळायचे, म्हणून आकडाही तीच वाचायची. तिची बोटं पाठीच्या कण्याला लागायची, ती नेहमी थंड असायची. हा डोळे मिटून ऐकायचा. पंच्याहत्तर. पुढं साडेपंच्याहत्तर. शहात्तर. सहा-सात महिन्यांत माय अठ्ठ्याहत्तरवर आली, आणि भरतीची तारीख निघाली त्या ऐतवारी तिनं एकोणऐंशी वाचलं. प्रवीण त्या दिवशी गावातून असा चालला की पारावरच्यांनी बघत राहावं. सतीश नावाचा त्याचा मित्र, गणितं शिकून पोलीस झालेल्यांपैकी एक, त्यानं तर फोनवर पेढे मागितले.

दुसऱ्या दिवशी बबनरावांनी माळावर सगळ्यांची मापं घेतली. प्रवीणची छाती भरली सत्त्याहत्तर. त्यांनी पुन्हा मोजली. सत्त्याहत्तरच.

भरतीला पंचवीस दिवस राहिले होते. हा तसाच सायकल मारत घरी आला आणि मायची टेप ओढून घेतली. टेप जुनी, आटली असेल, नाहीतर टोकाला झिजली असेल, असं त्याला वाटत होतं. भारतनं शाळेतली लाकडी मीटरपट्टी आणून दिली. टेप तिच्यावर ठेवली तर रेघेला रेघ जुळली. प्रवीणनं मायकडं बघितलं. ती मशीनवर बसली होती, पायडलवरचा पाय थांबला होता.

आता हे समजून घ्या. ब्लाउजचं माप घेणारी बाई टेप अंगाला करकचून लावत नाही. टेपच्या आत एक बोट घालते, कापड अंगावर सैल बसावं म्हणून. केशरबाईचं अख्खं आयुष्य त्या एका बोटानं गेलं होतं. प्रवीणला वाटलं सवयीनं झालं असेल, म्हातारीच्या लक्षात आलं नसेल. तसं असतं तर बरं होतं. पण केशरबाई खोटं बोलून सुटणारी नव्हती.

"तुला आठवतंय का, आकडा वाढला न्हाई की तू ताटावरनं उठायचास," ती म्हणाली. "दोन दोन दिवस घास घ्यायचा न्हाईस. मी एक बोट घातलं. तू जेवलास. मग दुसरं घातलं. तू पोटभर जेवलास. एवढंच केलं म्या."

तिचा काय दोष? आणि याचा तरी काय? खरी गोष्ट अशी की त्या खोट्या आकड्यांच्या जोरावरच तो खात राहिला होता, आणि पंच्याहत्तरवरून खरोखरचा सत्त्याहत्तरवर आला होता. आजवर एवढा कधी भरला नव्हता. पण हे त्या घटकेला कोण बघतो. प्रवीणच्या पायाखालची जमीन सरकली होती. हे सहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर आपण काय काय केलं असतं, त्याचा हिशेब तो डोक्यात मांडत राहिला. मायवर ओरडला नाही, भांडी आपटली नाहीत. तो तिच्याशी बोलायचाच थांबला, आणि केशरबाईला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

पंचवीस दिवसांत दोन सेंटिमीटर. बबनराव म्हणाले, एवढ्या दिवसांत अर्धा वाढंल, जीव तोडलास तर एक. उरलेल्यासाठी त्यांनी त्याला सगळे करतात ती युक्ती सांगितली. पहिल्या मापालाच छातीत थोडा श्वास दाबून धरायचा, चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. पण त्यात गोम होती. पहिल्या मापाला जेवढा श्वास चोरशील तेवढा फुगवताना कमी पडतो. धडधाकट पोरांना त्याचं काही नसतं, ती पाचाच्या जागी आठ फुगवतात. प्रवीणचं डावं फुप्फुस चिकटलेलं, त्याची सगळी ओढाताण मिळून पाच भरायची, तीही एखाद्या दिवशी. इकडं चोरलं तर तिकडं तुटणार होतं.

तरी तो भिडला. तीनदा वजन, आठदा खाणं. खाऊन ओकायचा, तोंड धुऊन पुन्हा ताटावर बसायचा. सतीशनं बीडहून ताकद वाढवायच्या पावडरचा डबा आणून दिला, ही पाजली की बैल बी फुगतो म्हणाला. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. चार दिवस प्रवीण परसाकडं आणि खाटेवर, एवढाच फिरला, आणि दीड किलो वजन गेलं. केशरबाई मीठ-साखरेचं पाणी उशाशी ठेवून मुकाट निघून जायची. तो भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. एकदा त्यानं स्वतःच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि एकेक मोजता येतीय हे कळल्यावर त्याला रडूच फुटलं. बत्तीस वर्षांचा बाप्या उशीत तोंड खुपसून रडला. भारत दारात उभा होता. त्यानं दार ओढून घेतलं.

पाचव्या दिवशी तो उठला आणि पुन्हा फळीवर जाऊन पडला. भरतीच्या आदल्या सकाळी बबनरावांनी मोजलं तेव्हा माप अठ्ठ्याहत्तर होतं. हे कसं झालं ते बबनरावांनाही सांगता आलं नसतं.

बीडच्या मैदानावर सकाळी आठपासून उघड्या अंगाच्या पोरांची रांग लागली होती. एकोणीस-वीस वर्षांची कोवळी पोरं, आणि त्यांचे खांदे असे की प्रवीणला आपले हात कुठं ठेवावेत कळेना. नंबर आला. मोजणारा हवालदार पोक्त होता. टेप आवळून म्हणाला, श्वास सोड, सरळ उभा रहा. प्रवीणनं सोडल्यासारखं केलं आणि तळाशी थोडा दाबून धरला. एकोणऐंशी, हवालदार म्हणाला, आणि शेजारच्यानं लिहून घेतलं. हवालदार म्हणाला, आता फुगव. प्रवीणनं श्वास ओढला, आणखी ओढला, डावी बाजू जिथं थांबते तिथं थांबली. त्र्याऐंशी. अजून फुगव, हवालदार भल्या मनानं म्हणाला, आणि टेप धरून वाट बघत राहिला. प्रवीणला ठसका लागला. चारच झाले, बाद, असं म्हणून हवालदारानं पुढच्याला बोलावलं.

माप पटलं नाही तर साहेबांकडं अपील करता येतं. दहा-बारा जण उन्हात बाजूला उभे होते, त्यांच्यात हाही जाऊन उभा राहिला. तास दीड तासानं साहेब आले. स्वतः टेप हातात घेतली. या खेपेला प्रवीणनं ठरवलं होतं की काही चोरायचं नाही. त्यानं पोटापासून सगळा श्वास सोडला. अठ्ठ्याहत्तर. मग ओढला, आणि यावेळी ठसका लागला नाही, डोळ्यापुढं काजवे चमकेपर्यंत तो ओढत राहिला. त्र्याऐंशी. बरोबर पाच.

साहेबांनी पहिला कागद बघितला, दुसरा बघितला. फुगवणं आता बरोबर आहे, पण छाती एकानं कमी आहे, म्हणाले. मघाशी एकोणऐंशी भरली होती ना तुझी?

"भरली व्हती साहेब," प्रवीण म्हणाला. "दोन्ही एकदम न्हाई भरत."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं जन्मतारीख विचारली. पुढच्या महिन्यात तेहतीस पुरी होतात, असं प्रवीणनं सांगितल्यावर साहेबानं पेन खाली ठेवलं, थोडा वेळ त्याच्या बरगड्यांकडं बघितलं. पण कायदा सेंटिमीटरमध्ये लिहिलेला असतो. त्यानं पेन उचललं आणि सही केली.

घरी आल्यावर प्रवीणनं बापाला एवढंच सांगितलं की एकानं गेलं. केशरबाई चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं. ताट वाढलं होतं, तो जेवला नाही. सदरा न काढताच खाटेवर पडला. भारत आधी त्याच्या पायाशी बसला आणि मग उशाशी सरकून बसला. केशरबाईनं झाकून ठेवलेलं ताट सकाळी तसंच होतं.

पण खाट रिकामी होती. असल्या सकाळी आईच्या मनात जे यायचं ते सगळं आलं. धरण काही लांब नाही. ती अनवाणीच दाराबाहेर पडणार, तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला, डबा फरशीला लागल्याचा. ती धावत गेली. प्रवीण फळीवर उताणा पडून सिमेंटचं वजन छातीवरून वर ढकलत होता, खाली आणत होता, पुन्हा ढकलत होता. तोंडानं तो मोजत होता, बारा, तेरा.

केशरबाई दारातच खाली बसली. तिला रडू आवरेना, आणि रागही आला, एवढा की बोलणं बंद असतानाही ती बोलली.

"आता कावून रे बाबा? संपलं न्हवं सगळं? आता कावून?"

त्यानं वजन खाली ठेवलं. सव्वीस दिवसांनी त्यानं मायकडं तोंड केलं.

"मग सकाळी उठून काय करू, माय?"

केशरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि आत जाऊन चार अंडी उकडायला ठेवली.