डाव्या हाताला दीपगृह

धक्क्यावर तिला सगळे माईकवाली म्हणत. बंदर बघायला आलेल्या पाहुण्यांना तासाभराची फेरी मारून आणणारी पिवळ्या छताची एक बोट होती. तिच्या केबिनच्या दाराशी उभी राहून, एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात माईक धरून ती वर्षानुवर्षं बोलत आली होती. जकातीची जुनी इमारत, काचेचं मत्स्यालय, किनाऱ्यावरचा आकाशपाळणा, आता नुसती बघायला ठेवलेली पाणबुडी, आणि शेवटी बांधाच्या टोकावरचं दीपगृह. रोज तेच, पण तिच्या तोंडून ते शिळं वाटायचं नाही. पाणबुडीपाशी आलं की ती म्हणायची, "ही बिचारी आयुष्यभर पाण्याखाली राबली, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. आता काही करत नाही, तर बघायला तिकीट लागतं!" लोक हसायचे, आणि हसता हसता फोटो काढायचे.

बोट चालवायचा तिचा नवरा. त्याला सगळे सारंग म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यानं टगवर काढली होती. अवाढव्य मालवाहू जहाजांना दोर लावून धक्क्यापर्यंत ओढत आणणारी ती ठेंगणी, दणकट बोट म्हणजे त्याचं दुसरं घर. निवृत्त झाल्यावर तो घरात भिंतीकडे बघत बसायला लागला, तेव्हा तिनंच मालकांकडे शब्द टाकून त्याला या बोटीवर आणलं.

"डोंगर ओढले मी," तो म्हणायचा, "आणि आता पोरासोरांना पाळण्यात बसवून झोके देतोय."

पण चाक हातात होतं, त्यामुळे ही कुरकुर तोंडापुरतीच होती. स्वभावानं तो अबोल. लेक लहान असताना म्हणायची, "आपल्या घरात बोलायचं सगळं आईकडे, आणि ऐकायचं कुणाकडेच नाही."

पहिल्यांदा जे झालं ते एका रखरखीत दुपारी झालं. पाणबुडी मागे पडली, तिचा विनोद झाला, लोक हसले. इथून बोट नेहमी वळायची. ती वळली नाही. उलट तिचा वेग मंदावला, आणि केबिनमधून सारंगचा अगदी खालचा आवाज आला.

"आता कुठं?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. मग लक्षात आलं की थट्टा करणं याला कधी जमलंच नाही. तिनं वळून बघितलं. चाकावरची त्याची बोटं पांढरी पडली होती, आणि चेहरा चुकून दुसऱ्याच वर्गात येऊन बसलेल्या मुलासारखा झाला होता. सबंध आयुष्य ज्या पाण्यात गेलं, ते पाणी तो पहिल्यांदाच बघत होता.

ती केबिनकडे एक पाऊल सरकली. पण माईक हातात होता आणि बाकांवर माणसं बसली होती.

"मंडळी," ती म्हणाली, "आता आपली बोट डावीकडे वळणार आहे. हळूहळू... अजून थोडी... हं, बास. डाव्या हाताला बघा, दीपगृह."

बोट वळली.

घरी जाताना त्यानं बसमध्ये तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. एरवी तो असलं काही करत नसे.

त्यानंतर कधी आठवडाभर सगळं सुरळीत चालायचं, कधी एकाच फेरीत दोनदा तो आवाज यायचा. मग तिनं वाट बघणंच सोडून दिलं. आपल्या बोलण्यात तिनं वळणं पेरली. "आता आपण आकाशपाळण्याला उजवीकडे ठेवून सरळ जाऊ." "इथं कप्तान वेग कमी करतील, म्हणजे तुम्हाला मत्स्यालय नीट दिसेल." पाहुण्यांना हे फार आवडायचं. एका बाईंनी तर उतरताना तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "किती समजावून सांगता हो तुम्ही!" ती हसली, आणि मग धक्क्यावरच्या नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिली.

तिनं त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, मृदू बोलणारे. त्यांनी सारंगला चित्रं दाखवली, घड्याळ काढायला सांगितलं. त्यानं गोल सुरेख काढला आणि आकडे सगळे एका बाजूला कोंबले. डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं.

"हे वाढत जाणार, बाई. औषधानं जरा सावकाश वाढेल, एवढंच. काम काय करतात?"

तिनं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"उद्यापासून नाही. कळतंय ना? चाक हातात द्यायचं नाही."

"कळलं," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये सारंग खिडकीशी बसला होता. गोदीतल्या क्रेन दिसायला लागल्या तसा तो बाहेर बघतच म्हणाला, "काय म्हणाला तो, ते मला माहीत आहे. बोट सुटली तर मी काय करू? सकाळी उठून कुठं जाऊ, तू सांग."

दुसऱ्या दिवशी ती दोघं नेहमीच्या बसनं कामाला गेली.

आपण पाप करतोय हे तिला कळत होतं. पाहुणे बोटीत चढायला लागले की ती त्यांचे चेहरे बघायचं टाळायची. कडेवर मूल असलेली आई आली की तिला मधल्या बाकावर बसवायची, कठड्यापासून लांब. या हंगामापुरतं, ती मनाशी म्हणायची. हंगाम संपला की मीच मालकांना सांगेन. हंगाम संपला आणि दुसरा सुरू झाला.

बोटीवरचा खलाशी चाळिशीचा, थोराड माणूस होता. दोर बांधणं, शिडी लावणं ही त्याची कामं. एका संध्याकाळी बाक पुसता पुसता तो म्हणाला, "वहिनी, मी आंधळा नाही."

तिनं माईकची वायर गुंडाळायचं थांबवलं.

"सारंगांनी मला काम शिकवलंय, म्हणून मी मूग गिळून बसलोय. पण उद्या काही झालं तर मला झोप लागणार नाही. तुम्हाला लागते?"

"नाही लागत," ती म्हणाली.

"मग सांगा ना मालकांना."

"सांगते. या आठवड्यात सांगते."

त्याच आठवड्यात ते झालं.

आभाळ भरलेलं होतं आणि पाण्यावर धुरकट झाकोळ होता. पाहुणे थोडेच होते. त्यांत एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा कानानं अधू, त्यामुळे आजी माईकवरचं प्रत्येक वाक्य त्यांच्या कानाशी लागून पुन्हा सांगत होत्या. बोट बांधाच्या दिशेनं निघाली आणि समोरून एक मोठं जहाज बंदरात शिरताना दिसलं. त्याच्यापुढे टग होती. टगनं भोंगा दिला.

सारंगनं मान वर केली. तिनं ते पाहिलं. कित्येक महिन्यांत त्याचे डोळे इतके स्वच्छ दिसले नव्हते.

बोटीनं वेग घेतला.

"मंडळी, आता आपण डावीकडे वळू," ती माईकवर म्हणाली. बोट सरळच जात होती. "डावीकडे. आपले कप्तान आता बोट डावीकडे घेतील."

"दोर तयार ठेवा!" आतून सारंग ओरडला. "पुढच्या बाजूनं लागतोय आपण!"

जहाज आता जहाजासारखं दिसत नव्हतं. गंजलेली काळी भिंत अंगावर चालून यावी तसं ते येत होतं. जहाजाचाही भोंगा वाजला, एकदा, मग सलग. बाकांवर कुणीतरी किंचाळलं. खलाशी मागून धावत निघाला. ती माईकसकट केबिनमध्ये शिरली.

"अहो, वळा! वळा म्हणते ना!"

"तू इथं काय करतेस?" तो चिडून म्हणाला. "कामावर कशाला आलीस? घरी जा. माणसं हसतील मला."

तिनं चाकाला हात घातला. त्यानं तो झटकून टाकला. अजून त्याच्या मनगटांत टगवरचीच ताकद होती. मग ती त्याच्या कानाशी वाकली आणि शांतपणे, ऑफिसातून निरोप घेऊन आल्यासारखं म्हणाली, "सारंग, निरोप आहे. हे जहाज दुसऱ्या टगला दिलंय. तुम्हाला परत बोलावलंय."

"दुसऱ्याला?"

"हो."

"का? माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. तुमची पाळी संपली. वळवा आता."

त्याचा चेहरा पडला. पण हुकूम म्हणजे हुकूम. त्यानं चाक फिरवलं, सफाईदार, पूर्वीसारखं. बोट कलंडत वळली आणि ती काळी भिंत बाजूनं सरकत गेली. इतकी जवळून, की तिच्यावर चिकटलेले शिंपले दिसले. मग जहाजामागची लाट आली. बोट उचलली गेली, आपटली आणि पाणी आत उसळलं.

ती बाहेर आली तेव्हा माणसं बाकांखालून उठत होती. आजी पडल्या होत्या. त्यांचा हात मनगटाशी भलत्याच कोनात वाकला होता आणि आजोबा "काय झालं, काय झालं?" असं विचारत होते. सगळे तिच्याकडे बघत होते. ओरडत कुणीच नव्हतं. तिला ते चमत्कारिक वाटलं. मग तिनं हातातला माईक बघितला. तो सुरूच होता. केबिनमधलं अक्षर न् अक्षर कर्ण्यातून सगळ्यांनी ऐकलं होतं.

खलाशानं चाक हातात घेतलं आणि बोट धक्क्याकडे नेली. ती आजींच्या शेजारी खाली बसून त्यांचा हात आपल्या मांडीवर धरून होती. आजींचे ओठ दुखण्यानं पांढरे पडले होते.

"तुमचे यजमान?" त्यांनी हळूच विचारलं.

तिनं मान डोलावली.

"केव्हापासून?"

"बरेच दिवस."

आजींनी डोळे मिटले. "असं करायला नको होतंत हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

आजींना रुग्णालयात पोहोचवून ती तशीच, ओल्या कपड्यांनी, मालकांच्या ऑफिसात गेली. सारंगला बाहेर खुर्चीवर बसवलं. दार अर्धवट उघडं होतं.

"तुला माहीत होतं?" मालकांनी विचारलं.

"होतं."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"हो. तेव्हाच सांगितलं होतं, चाक देऊ नका म्हणून. मी दिलं."

मालक वाईट माणूस नव्हते. पण त्यांचा आवाज चढला. "माणसं बसवतो आपण बोटीत, माणसं! पोती नाही! म्हातारी पाण्यात पडली असती तर तिच्या नवऱ्याला तू काय सांगणार होतीस? त्याला तर ऐकूही येत नाही!"

ती उभी राहून ऐकत राहिली. सगळं खरं होतं. दोघांचंही काम गेलं. तेही बरोबरच होतं.

बाहेर आली तर सारंग ताठ उभा होता.

"तू सांगितलंस," तो म्हणाला.

"अहो, सांगायलाच हवं होतं. फार आधी."

"मला चोरून सांगितलंस. माझी बोट काढून घेतलीस."

बसमध्ये तो तिच्या शेजारी न बसता पुढे जाऊन बसला.

लेक येऊन दोघांना आपल्या गावी घेऊन गेली. ते गाव समुद्रापासून दूर, सपाट रानात होतं. लेकीचं दोन खोल्यांचं घर, मागे गॅलरी, गॅलरीतून दिसायचं ते गाड्या दुरुस्त करायचं आवार. जावई भला होता, पण फिरतीच्या कामावर असायचा. सारंग एकेक गोष्ट विसरत गेला. आधी दिवस, मग जावयाचं नाव, मग बंदर, मग टग. समुद्राचं चित्र दाखवलं तर "पाणी आहे," एवढंच म्हणायचा. पण बायकोवरचा राग तेवढा राहिला. तिनं ताट समोर ठेवलं की तो तोंड फिरवायचा. तेच ताट लेकीनं ठेवलं की निमूट जेवायचा.

"बाबा, आईवर का रागावलात हो?" एकदा लेकीनं विचारलं.

त्यानं पुष्कळ विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या. "आठवत नाही," तो म्हणाला. "पण त्या बाईनं माझं काहीतरी नेलंय."

ती दाराआड उभी होती. लेकीनं वळून बघितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली होती.

मग तिनं त्याच्यासमोर जाणं कमी केलं. त्याचे कपडे धुवायचे, जेवण करायचं, औषधं काढून ठेवायची, आणि लेक घरी आली की तिच्या हाती सगळं द्यायचं. तो झोपला की आत जाऊन त्याची नखं कापायची. आयुष्यभर बोललेली बाई, पण त्या घरात दिवसदिवस तिचा आवाज निघायचा नाही. शेजारणींना वाटायचं, हिची आई मुकी आहे.

एका दुपारी ती नखं कापत असताना तो जागा झाला. तिनं पटकन हात मागे घेतला आणि उठायला लागली.

"बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुम्ही कुठल्या?"

ती थांबली. "बंदराच्या गावची."

"लांब आहे का ते?"

"हो. बरंच लांब आहे."

"मग दमला असाल," तो म्हणाला, आणि भिंतीकडे सरकून त्यानं पलंगावर जागा करून दिली. "बसा ना."

ती बसली. इतके दिवस ती रोज मनात म्हणायची, याचा राग जाऊ दे, एकदाच जाऊ दे. तो गेला होता, आणि त्याच्याबरोबर तीही गेली होती. राग होता तोवर ती त्याची कुणीतरी होती. आता तो एका अनोळखी बाईशी अदबीनं वागत होता, जसा तो सगळ्याच बायकांशी वागायचा.

"काम काय करता?" त्यानं विचारलं.

"बोलायचं काम करायचे," ती म्हणाली.

"मग बोला काहीतरी."

तिनं तोंड उघडलं, पण काही आलं नाही. गाड्यांच्या आवारात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग त्याचे डोळे मिटले. ती त्याचा दुसरा हात मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि लेक कामावरून येऊन दार वाजवीपर्यंत उठली नाही.