मालतीकडे पडलेली सुपारी

बाळांनो, आज दारात सुरंगीचे गजरे विकायला आले आणि त्या वासासरशी मला दिवेआगरच्या देवळातली जुनी सभा आठवली. गावात नवं काय हवं, ते गावानेच ठरवायचं होतं. आम्ही बायकांनी अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला. ज्याला जे पटेल, त्याच्या नकाशातल्या जागेवर त्याने वाडीतली एक सुपारी ठेवायची.

मी वाचनालय मागितलं, अगदी मुद्देसूद. माझी धाकटी जाऊ मालती, केसांत सुरंगी माळलेली, एवढंच म्हणाली, "बायकांना समुद्राकडे तोंड करून निवांत बसायला कट्टा हवा." बघता बघता तिच्या जागेवर सुपाऱ्यांचा ढीग झाला. तुमच्या आजोबांनीही आपली सुपारी तिथेच ठेवली!

"अहो, वाचनालय इकडे आहे," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"ठाऊक आहे गं. पुस्तकं घरात आहेतच की!"

मालती हसली. "जाऊबाई, रुसू नका. कट्ट्यावर तुम्हालाही जागा देईन हो."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता रोज संध्याकाळी त्या कट्ट्यावर बायका खळखळून हसतात. वाचनालयात त्यांना असं कोणी हसू दिलं असतं? तरीही मालतीचा हेवा वाटतोच. तिचंच बरोबर होतं, हे फोनवर तिला सांगू नका.