मावशींनी घेतलेला धडा

मुळशीतल्या आमच्या डोंगरावरच्या शाळेत खिचडी शिजवायला कातकरी वाडीतल्या एक मावशी येतात. त्या फार बोलत नाहीत. हातात डाव घेऊन दारातूनच माझा तास ऐकायच्या.

पहिलीची मुलं माझ्यासमोर दोन महिने मुकी बसली होती. एकदा मी एका मुलीला विचारलं, "पाचातून दोन गेले, किती उरले?" मावशी दारातून कातकरीत काहीतरी म्हणाल्या आणि मुलीने लगेच तीन बोटं दाखवली.

"तिला येतंय, बाई," मावशी म्हणाल्या. "तुमी काय इचारलं, त्ये कळंना तिला."

त्या दिवसापासून मी त्यांना वर्गात बसवू लागले. मी सांगायचे, मग त्या तेच मुलांच्या बोलीत सांगायच्या.

परवा बस बंद पडली आणि मी तासभर उशिरा पोचले. मुलं रानात पांगली असतील असं वाटलं होतं. पण मावशी धडा घेत होत्या. एक ओळ मराठीत म्हणायच्या, तीच पुन्हा कातकरीत सांगायच्या. एकही शब्द चुकत नव्हता. मुलं पुस्तकावर बोट ठेवून मागोमाग वाचत होती.

मावशींना एक अक्षरही वाचता येत नाही. त्यांच्या हातातलं पुस्तक उलटं होतं.

धडा संपेपर्यंत मी आत गेले नाही.