शेपटी फाटलेला मासा

भिंगबाईच्या गळ्यात बाराही महिने एक भिंग लोंबकळत असे. पानामागची कीड वेळेत दिसावी म्हणून तिनं ते घेतलं होतं. पण सवयच लागली. औषधाच्या बाटलीवरची तारीख, बियाण्याच्या पाकिटाचं सील, सगळं ती त्यातूनच बघायची. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याचं बोलणंही तिनं भिंगाखाली धरूनच ऐकलं, असं तिचा नवरा सांगे. मिरची-टोमॅटोची रोपं तयार करून विकण्यात तिची बावीस वर्षं गेली होती आणि तिच्या शेडमधलं रोप दगावलं, असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला. शेडमध्ये चाळीस हजार रोपं आणि पाणी जेमतेम नऊ दिवसांचं. शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा पाइप तिच्या बांधापर्यंत येऊन दोन महिने झाले होते, पण आजूबाजूच्या एकाही शेतकऱ्यानं व्हॉल्व्हला हात लावला नव्हता. सगळ्यांचं एकच पालुपद : "आधी भिंगबाई घेते का बघू."

केंद्रावर तिचा भाचाच ऑपरेटर होता. त्यानं फाटकाशीच काचेची टाकी मांडली होती. आत तीन नारिंगी मासे.

"मावशी, शेतांना देणार तेच पाणी हे. मासे बघ कसे मजेत आहेत."

"मजेत नसले तरी मासे तसेच दिसतात," ती म्हणाली आणि काचेला भिंग लावून वाकली. सर्वांत धाकट्या माशाची शेपटी डाव्या कोपऱ्यात फाटलेली होती.

भाच्यानं तपासणीचा अहवाल पुढं केला. तिनं तो उलटा-सुलटा करून परत दिला. "कागदावर तर माझी विहीरही भरलेली आहे."

चार दिवसांनी ती न सांगता पुन्हा गेली. टाकीत मासे तीनच होते, पण तिन्ही शेपट्या अखंड.

"शेपटी शिवून घेतली का रे यानं?"

"माशांची शेपटी पुन्हा वाढते गं, मावशी."

"चार दिवसांत?"

भाचा चहा सांगायला म्हणून आत सटकला. तिच्या मनात पाल चुकचुकली. टाकीमागं फरशीवर ओल होती. त्या ओलीचा माग काढत ती भिंतीच्या कडेनं गेली, तर एक हिरवी नळी निघाली. नळीचं दुसरं टोक केंद्राच्या बोअरवेलच्या नळाला.

भाचा चहाचे कप घेऊन आला, तेव्हा मावशी हातात नळी धरून उभी होती. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"फाटक्या शेपटीवाला कुठाय?"

"मेला. तू आलीस त्याच दिवशी, संध्याकाळपर्यंत तिन्ही मेले."

"आणि हेच पाणी तू माझ्या रोपांना घालणार होतास?"

"मावशी, ऐक तरी! जंतू मरावेत म्हणून शेवटी क्लोरीन घालतो आम्ही. रोपांना तेवढ्यानं काही होत नाही, पण माशांच्या कल्ल्यांना ते सोसत नाही. पाणी दोन दिवस उघड्यावर उन्हात ठेवलं की क्लोरीन उडून जातं. पण मासे मेलेले दिसल्यावर हे सगळं कोण ऐकून घेणार? म्हणून नवे मासे आणले आणि बोअरचं पाणी भरलं."

"म्हणजे पाणी चांगलं होतं आणि तूच खोटा निघालास." तिनं नळी खाली टाकली. "आता तुझं खरंसुद्धा मला भिंगातून बघावं लागणार. ते मासे दे इकडं."

शेडसाठी पाच दिवसांचं पाणी उरलं होतं. तिनं व्हॉल्व्ह उघडून मोठं पिंप भरलं आणि तोंड उघडं ठेवून उन्हात ठेवलं. दोन दिवसांनी त्यात मासे सोडले, तेच पाणी मिरचीच्या एका ट्रेला मुळाशी घातलं आणि पिंपाशेजारी स्टूल टाकून बसली.

"रोपं विकायची आहेत की मासे?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही त्यांना काही खायला घातलं नाही ना?"

"आता माझ्यावरही संशय?"

"तुमच्यावर जुनाच आहे."

कुंपणापलीकडं कुणी ना कुणी शेतकरी उगाच घुटमळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मासे मोजले. तीन. कल्ले नीट हलत होते. मग ट्रेमधलं एकेक रोप भिंगाखाली घेतलं. पानाची कड करपलेली नव्हती, शेंडे ताठ होते. तिनं पाण्याचा वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला. विहिरीत आज-उद्यापुरतंच पाणी होतं. तिनं दोन मोठे हौद भरायला लावले आणि भाच्याला बोलावून घेतलं.

"ती काचेची टाकी आजच्या आज हलव. तिथं पाटी लाव : या पाण्यात मासा मरतो, दोन दिवस उन्हात ठेवून मग वापरा."

भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अशी पाटी वाचून कोण घेईल गं पाणी?"

"त्याच्याखाली लिही, भिंगबाईनं घेतलंय." मग हौदाकडं बघत म्हणाली, "आणि मासे माझ्याकडंच राहतील. रोज सकाळी मोजणार आहे मी."